गादीतले माइट आणि कापराची पुडी

आमच्या घोडबंदर रोडवरील सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एक संदेश फिरतो आहे: गादीतले माइट रात्रभर चावतात, त्यामुळे अंगाला खाज सुटते, आणि उशीखाली कापराची पुडी ठेवून गादीला दोन तास ऊन दाखवले की ते समूळ नष्ट होतात.

यातले पहिलेच विधान चूक आहे. धुळीतले माइट हे कोळ्याच्या कुळातले, जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे जीव असून आपल्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतात. ते चावत नाहीत. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांना, आणि तो बहुधा सकाळच्या शिंका, चोंदलेले नाक किंवा दमा या रूपाने.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर पुरळ, आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही तेच, असे असेल तर खरजेची शंका घ्यावी. तिचा माइट गादीत नव्हे, कातडीत बीळ करून अंडी घालतो. डॉक्टर बहुधा ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायला सांगतात आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायला लावतात. पहिल्या लागणीत खाज सुटायला ४ ते ६ आठवडे जातात, म्हणून खाज नसलेल्यांनीही त्याच दिवशी उपचार घ्यायचे असतात. आमच्या मजल्यावरील एका घरात फक्त मुलालाच मलम लावले गेले आणि महिन्याभरात सगळे पुन्हा खाजवू लागले. चावणारे माइट मात्र एसीच्या कठड्यावरच्या कबुतराच्या घरट्यातून येऊ शकतात. पिल्ले उडून गेली की ते खिडकीतून आत शिरतात. तिथे इलाज गादीचा नाही, रिकामे घरटे हटवण्याचा.

उन्हाचा सल्ला अर्धा बरोबर आहे. धुळीतले माइट पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषतात, त्यामुळे गादी कोरडी ठेवण्याचा उपयोग होतो. परंतु ऊन वरचा थरच तापवते, मेलेल्या माइटची विष्ठा गादीतच राहते, आणि ठाण्याच्या जुलैत ऊन आणायचे कुठून? चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुणे आणि गादी-उशीला घट्ट विणीचे, चेनवाले कव्हर घालणे अधिक भरवशाचे.

पुडीतल्या कापराचा वास गादीच्या गाभ्यातले माइट मारत नाही, उलट दमेकऱ्याला त्याने ढास लागू शकते. घरात लहान मूल असेल तर पुडी उशीखालून आजच काढावी, कारण कापूर गिळल्यास आकडी येऊ शकते.