इथे पूर्वी एक दरवाजा होता

निवृत्तीनंतर माणूस देवाकडे वळतो, बागेकडे वळतो किंवा शेअर बाजाराकडे, अशी माझी समजूत होती. आमचे हे इतिहासाकडे वळले. नुसतं वाचत होते तोवर माझी काही तक्रार नव्हती. वाचणारा माणूस एका जागी बसतो आणि अधूनमधून चहा दिला की भागतं. पण कुणीतरी यांना हेरिटेज वॉकच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं आणि आमच्या घरातून रविवार हद्दपार झाला.

माझी अडचण जरा समजून घ्या. मी डोंबिवलीला राहते आणि नोकरी फोर्टात करते. आठवडाभर ज्या सीएसएमटीवर लोंढ्याबरोबर उतरते, त्याच सीएसएमटीवर सुट्टीच्या दिवशी, पहाटे उठून, वर पैसे भरून जायचं. आणि पोचल्यावर पळायचं नाही, उभं राहायचं. पायांना हे कोण समजावणार? ते आपसूक सबवेच्या पायऱ्या उतरायला लागले होते. यांनी दंडाला धरून परत आणलं. म्हणाले, "अगं, ऑफिस नाहीये आज. वर बघ."

'वर बघा' हा या मंडळींचा मंत्र आहे. आमची गाईड म्हणजे कमरेला छोटा स्पीकर लावलेली एक आर्किटेक्ट मुलगी. ती "वर बघा" म्हणाली की सगळ्यांच्या माना एकदम वर. हे स्टेशन फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारलं, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, तो इंग्लंडचा. दुसरीकडे वाघ, तो आपला. घड्याळाखालच्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, आता कोनाडा रिकामा आहे. मग आम्हाला तिकीटघरात नेलं. त्याला म्हणे 'स्टार चेंबर' म्हणतात, कारण छतावर सोनेरी तारे आहेत. त्या हॉलमध्ये पासाच्या रांगेत माझं निम्मं तारुण्य गेलं, पण मी पाहिला तो कायम पुढच्या माणसाचा शर्ट. खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना छताकडे कोण बघतं?

बाकी तारे खरंच सुंदर आहेत. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.

स्टेशनपर्यंत ठीक होतं, कारण ते जागेवर होतं. पुढे माझ्या लक्षात आलं की हेरिटेज वॉक म्हणजे मुख्यतः नसलेल्या गोष्टी बघणं. फोर्टात फोर्ट नाही. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६० च्या दशकात, तटबंदी पाडून टाकली. गाईड रस्त्याच्या मधोमध हात फिरवून सांगते, "इथून अशी भिंत जात होती," आणि आम्ही सगळे त्या हवेकडे आदराने पाहतो. मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असतो, त्याला भिंत दिसत नसते. फ्लोरा फाउंटनजवळ पुन्हा थांबलो. "इथे पूर्वी एक दरवाजा होता. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा, म्हणून चर्च गेट." दरवाजा गेला आणि नाव तेवढं पलीकडच्या स्टेशनाला चिकटलं. काळा घोडा तर कहरच. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. त्यानंतर पन्नासेक वर्षं लोक गाड्यांच्या पार्किंगला काळा घोडा म्हणत राहिले. २०१७ मध्ये नवा घोडा आला, पण त्याच्यावर स्वार नाही. वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. आम्ही त्याहून कितीतरी जास्त भरले होते आणि आम्हाला टेकू दिलेली एक इमारत दिसली. तीही बाहेरून.

राजाबाई टॉवरची गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, आईचं नाव दिलं, ते सगळं ठीक. पण आराखडा काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत! लंडनमध्ये बसून त्यांनी २८० फुटांचा मनोरा उभा केला. आणि मला आठवड्यातून एक दिवस घरून काम मागितलं तर आमचे साहेब म्हणतात, समोर असल्याशिवाय काम होत नाही.

प्रत्येक वॉकमध्ये गाईडपेक्षा जास्त माहिती असलेले एक काका असतात. ते फी भरून शिकवायला येतात. गाईड म्हणाली, मुंबईत ट्राम १९६४ ला बंद झाली. काका लगेच, "एकतीस मार्च. शेवटच्या ट्रामला मी होतो." मग ती गर्दी, तो कंडक्टर, काकांची तेव्हाची अर्धी चड्डी असं सगळं झालं. शेवटी गाईडच त्यांचं ऐकू लागली. मला त्या मुलीची दया आली आणि काकांचा थोडा हेवाही वाटला. त्या अख्ख्या घोळक्यात नसलेली गोष्ट प्रत्यक्ष बघितलेला तेवढा एकच माणूस होता.

एव्हाना तीन तास झालेले असतात आणि बायकांच्या चेहऱ्यांवर एक विशिष्ट भाव येतो. कुणी बोलत नाही, पण नजरा शोधत असतात. शेवटी मी धीर करून हळूच विचारलं, "इथे बाथरूम कुठे आहे?" १८६० साली दरवाजा नेमका कुठे होता हे वीतभर अंतराने सांगणारी ती मुलगी गोंधळली. मला अर्थात ठाऊक होतं, माझं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. पण ते रविवारी बंद. पुढच्या टप्प्यावर टाउन हॉलच्या तीस पायऱ्या होत्या, १८३३ पासून तशाच. त्या मी कशा चढले ते विचारू नका.

परतीला मेगाब्लॉक. यावर डोंबिवलीकरांना वेगळं काही सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही.

इमारती संपल्यावर हे समुद्राकडे वळले. वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी जीव बघायला न्यायचं ठरलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत आत जातं आणि मुंबईत ती ओहोटी येते सकाळी सहा-सातच्या सुमाराला. म्हणजे घरून निघायचं अंधारात. सासूबाई म्हणाल्या, "अवसेचं समुद्रावर कोण जातं?" एरवी त्यांचं-माझं एकमत होत नाही, त्या दिवशी झालं. खडकांवर शेवाळ, माझ्या पायात घसरणाऱ्या चपला आणि समोर एक तरुण डबक्यावर ओणवा होऊन कुजबुजत होता, "समुद्रफूल! समुद्रफूल!" हात लावायचा नाही, दगड उचलला तर होता तसाच ठेवायचा, सगळे नियम आम्ही पाळले. एक खेकडा दगडाखालून बाहेर आला आणि आमच्यातल्या एका गिरगावच्या बाईंच्या तोंडून निघून गेलं, "चिंबोरी बारीक आहे, रश्शाला चालेल." त्या मुलाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या शेवटपर्यंत गप्प होत्या. मी मात्र त्यांच्याकडून पाककृती घेतली.

पावसाळ्यात वॉक बंद, तेव्हा व्याख्यानं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस खुर्चीत बसून सुधारतो आहे. मला व्याख्यान आवडतं, कारण बसायला मिळतं. पण ते सुरू होत नाही. समई लावायची म्हणून पंखे बंद करतात आणि मग चालू करायला विसरतात. पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, शाल, श्रीफळ. विषय होता मुंबईचा पाणीपुरवठा. १८६० ला विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, १८९२ ला तानसाचं. वक्ते चांगलं बोलत होते. बाहेरच्या कूलरमध्ये मात्र थेंब नव्हता. मग प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले, "माझा प्रश्न असा नाहीये, मला थोडी भर घालायची आहे." ती भर मूळ व्याख्यानापेक्षा लांबली. नीट पाहिलं तर ट्रामवाले काका!

आता यांनी डोंबिवलीतच स्वतःचा वॉक काढलाय. दिवाळीच्या सकाळी सगळं गाव फडके रोडवर नटूनथटून फिरतंच, मग इतर रविवारी का नको, हा त्यांचा मुद्दा. पहिल्या जाहिरातीला नोंदणी झाली ती शेजारच्या जोशीकाकूंची, तीही भिडेखातर. मग मी मेसेजमध्ये एक ओळ घातली: 'मध्यंतरात संयोजकांच्या घरी चहा-पोहे व बाथरूमची सोय.' दोन दिवसांत नोंदणी बंद करावी लागली, आणि निम्म्याहून जास्त बायका.

इथे पूर्वी भातशेती होती, इथे ओढा होता, असं करत मंडळी आमच्याकडे आली. पोहे झाले, चहा झाला, बाथरूमसमोर रांग लागली. पण पंखा आणि सोफा सोडून परत उन्हात उतरायला कुणी तयार होईना. शेवटी यांनी सगळ्यांना बाल्कनीत बोलावलं आणि हात लांब करून उरलेला इतिहास तिथूनच उरकला. "ती पाण्याची टाकी दिसते? तिच्या मागे पूर्वी एक विहीर होती." सगळ्यांनी टाकी पाहिली. जोशीकाकूंनी अजून पोहे आहेत का विचारलं.