मासळीचा बर्फ ग्लासात घालू नका

‘घरच्या घरी व्होडका कॉकटेल: बारवाले सांगत नाहीत ती ७ गुपिते’ असा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. दुर्लक्ष करून चालले असते. पण तो फोंड्याला मामेबहिणीकडे पोचला आणि रविवारी आठ माणसे येणार म्हणून तिने मार्केटातल्या बर्फवाल्याला अर्धी लादी सांगून ठेवली. पहिल्या गुपितात तसेच लिहिले आहे. म्हणून हे उत्तर.

पहिले गुपित असे: ‘बर्फावर पैसे घालवू नका. मासळीसाठी येतो तोच बर्फ आणा, स्वस्त पडतो. दारूत जंतू मरतात, त्यामुळे बर्फ कुठलाही चालतो.’

सातांतले हे सर्वांत घातक. मासळीचा बर्फ पिण्यासाठी केलेलाच नसतो. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे सोडतात आणि त्यांत लादी गोठवतात. डब्यात घातलेले पाणी पिण्याजोगे असेल याची खात्री नाही. डबा गंजलेला असला तर गंज आणि खारे पाणी आत जाते. मग लादी जमिनीवरून ओढली जाते, गोणपाटात गुंडाळली जाते, यंत्रात तिचा चुरा होतो आणि तो चुरा बांगड्यांच्या क्रेटमधल्याच फावड्याने भरला जातो. मासळी ताजी ठेवायला एवढे पुरते. मासळी आपण धुतो आणि शिजवतो. बर्फ शिजवत नाही.

आता ‘दारूत जंतू मरतात’ हे वाक्य. हात निर्जंतुक करायच्या द्रवात अल्कोहोल किमान ६० टक्के लागते, हे कोविडच्या काळात घरोघरी कळले. आपल्याकडची व्होडका साधारण ४२.८ टक्क्यांची, म्हणजे बाटलीतच ती त्या मर्यादेखाली आहे. ग्लासात काय होते ते मोजा. ६० मिली व्होडका, १२० मिली जिंजर बिअर (आल्याचे फसफसणारे पेय), १५ मिली लिंबाचा रस आणि वितळलेले २५ मिली पाणी असे धरले तर मॉस्को म्यूल होते जेमतेम १२ टक्क्यांचे. ६० मिली व्होडका आणि १० मिली ड्राय व्हर्मूथ या मसालेदार वाइनची कडक मार्टिनीसुद्धा बर्फावर ढवळल्यानंतर ३० टक्क्यांच्या आसपास येते.

अंदाजावर जायचे कारणही नाही, कारण हे तपासून झालेले आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात १९८५ साली एक प्रयोग छापून आला. हगवण, टायफॉइड आणि जुलाब आणणारे जिवाणू मुद्दाम बर्फात गोठवले, मग तो बर्फ कोला, सोडा, स्कॉच आणि टकिला यांत वितळू दिला. जिवाणू जिवंत राहिले. पाण्यासारख्या पातळ पेयातच नव्हे, तर व्होडकाइतक्याच कडक दारूतही. शिवाय जंतू बर्फाच्या आत असतात. तुम्ही घोट घेता तेव्हा नुकताच वितळलेला थर दारूत मिसळून काही सेकंदच झालेले असतात. लिंबाचे आम्ल काही जिवाणूंना कमजोर करते हे खरे, पण पाहुण्यांचे पोट त्या भरवशावर सोडू नये. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

आरोग्य बाजूला ठेवले तरी हा बर्फ कॉकटेल बिघडवतो. बर्फाचे काम थंड करणे आणि मोजके पाणी सोडणे, ही दोन्ही. बर्फाच्या मोठ्या खड्यांवर १० ते १२ सेकंद जोरात शेक केले की पेयात साधारण पाव हिस्सा पाणी जाते आणि चव मोकळी होते. चुऱ्याचा पृष्ठभाग खूप जास्त, म्हणून तो तितक्याच वेळात कितीतरी जास्त वितळतो आणि ग्लासात आंबट-गोड पाणी उरते. वर वास. बर्फ वास धरून ठेवतो आणि व्होडकाला स्वतःची चव बेताची असल्यामुळे तिच्यात तो लपत नाही.

घरचा बर्फ करायला फार कष्ट नाहीत. पाणी उकळून झाकून गार करा. ५ सेंटिमीटरचे खडे होणारा सिलिकॉनचा ट्रे भरा आणि चोवीस तास ठेवा. खडे सुटले की लगेच बंद पिशवीत टाका. फ्रिजमध्ये सुकी सुंगटे (कोळंबी), खारा बांगडा किंवा सोलां (सुकवलेली कोकमे) असतील तर उघड्या ट्रेतला बर्फ दोन दिवसांत तो वास घेतोच. काचेसारखा स्वच्छ खडा हवा असेल तर पाण्याने भरलेला लहान थर्मोकोलचा डबा झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जाते, हवा आणि गढूळपणा तळाशी ढकलला जातो. १८ ते २४ तासांनी काढून तळाचा पांढरा भाग सुरीने तोडून टाका. वीज जाऊन खडे अर्धे वितळून पुन्हा गोठले असतील तर ते शेकरला वापरू नका. ते एकमेकांना चिकटतात आणि ओला बर्फ आधीच पाणी घेऊन येतो.

किती लागेल? शेक करायचा आणि ग्लासातला मिळून एका पेयाला २५० ते ३०० ग्रॅम. आठ माणसे, प्रत्येकी दोन ग्लास म्हणजे जवळजवळ पाच किलो. घरच्या फ्रीझरमध्ये तेवढा होत नसेल तर सीलबंद पिशवीतले क्यूब आणा आणि पिशवीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे ना ते बघा. लादीपेक्षा महाग पडतो. पडू दे.

दुसरे गुपित वाचून मात्र डोके धरले. ‘मॉस्को म्यूल तांब्याच्याच भांड्यात हवे. लिंबू, आले आणि व्होडका तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवा, तांब्याचे गुण उतरतात.’

उतरते ते तांबेच. आपल्या घरात तांब्याची कळशी कशाने घासतात? चिंचेने, नाहीतर कोकमाने. काळपटपणा जाऊन ती लखलखते, कारण आम्ल वरचा थर विरघळवते. तोच आंबटपणा रात्रभर लोट्यात ठेवून सकाळी प्यायला सांगणे म्हणजे घासलेले पाणी प्यायला सांगणे. आंबट पदार्थाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करत आले ते याचसाठी. अमेरिकेच्या एफडीएची अन्नसंहिताही सांगते की ६ पेक्षा कमी पीएच असलेल्या पदार्थाला तांबे लागू देऊ नये, आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो. तांबे जास्त गेले की मळमळ, उलट्या, पोटात कळा. साधे पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवण्याशी याची गाठ घालू नका, पाणी आंबट नसते.

तांब्याच्या मगमध्ये ओतून दहा मिनिटांत प्यायलात तर दवाखाना गाठावा लागणार नाही, एवढे मान्य. पण तसा मग विकत घ्यायचाच असेल तर आतून स्टील किंवा निकेलचा थर असलेला घ्या. तांब्याचा मग चवीसाठी आलाच नव्हता. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये, अमेरिकेत फारशी कोणी न पिणारी व्होडका आणि न खपणारी जिंजर बिअर विकायला हे पेय पुढे आणले गेले आणि तांब्याचा मग त्याची ओळख बनला. काचेच्या ग्लासातही ते तितकेच चांगले लागते: ४५ मिली व्होडका, १० मिली लिंबाचा रस, बर्फ, वरून १२० मिली जिंजर बिअर, एकदाच हलके ढवळणे. जिंजर एल नको, तो गोड आणि फिका असतो.

तिसरे, ‘स्वस्त व्होडका पाण्याच्या फिल्टरमधून पाच वेळा गाळली की महागडी होते.’ यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने कबूल करावे लागते. बऱ्याच व्होडका करताना कोळशातून गाळतात आणि सक्रिय कोळसा उग्र वास थोडा कमी करतो. पण घरचा फिल्टर पाण्यासाठी बनवलेला असतो, त्याच्या प्लॅस्टिकमधून कडक दारू गाळायची नाही. आणि दारू भेसळीची असेल तर मिथेनॉल त्या कोळशात अडकत नाही. गाळून सुरक्षित झाली हा समज जिवावर बेतू शकतो. सीलबंद बाटलीच घ्या. टोमॅटोच्या रसातली ब्लडी मेरी किंवा संत्र्याच्या रसातल्या स्क्रूड्रायव्हरला मध्यम किमतीची व्होडका पुरते. पैसे घालायचे तर मार्टिनीच्या बाटलीत घाला, तिथे लपायला जागा नसते.

चौथे, ‘सगळे काही शेकरमध्ये घालून हलवा.’ सोडा किंवा जिंजर बिअर बंद शेकरमध्ये घातली की वायूच्या दाबाने झाकण उडते आणि बुडबुडे तर जातातच. टोमॅटोचा रसही जोरात हलवला की पातळ आणि फेसाळ होतो. ब्लडी मेरी (४५ मिली व्होडका, ९० मिली टोमॅटोचा रस, १५ मिली लिंबू, वूस्टरशायर सॉस, मीठ, मिरी) एका ग्लासातून दुसऱ्यात चार-पाच वेळा सावकाश ओतून मिसळतात. टबॅस्को या तिखट सॉसऐवजी पाव चमचा गोव्याचा रेशाद मसाला चालतो, मात्र मग लिंबू १० मिलीवर आणा, मसाल्यात व्हिनेगर असते. केचप नको.

पाचवे म्हणते सकाळची ब्लडी मेरी हँगओव्हर उतरवते. ती तो पुढे ढकलते, बस्स.

सहावे: ‘व्होडकाला वास नसतो, पोलिसांच्या यंत्रात येत नाही. वर एस्प्रेसो मार्टिनी घेतली की नशा उतरते, खुशाल गाडी चालवा.’ हे लिहिणाऱ्याने कोणाच्या तरी मुलाचा जीव धोक्यात घातला आहे. यंत्र वास घेत नाही, ते श्वासातले इथेनॉल मोजते आणि इथेनॉल व्होडकात, फेणीत, बिअरमध्ये एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ६० मिली व्होडकात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. ७० किलोच्या माणसाने ती रिकाम्या पोटी घेतली तर तेवढ्या एका पेगनेही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कॉफी झोप घालवते, पण रक्तातले अल्कोहोल कमी करत नाही. उलट पिणाऱ्याला आपण ठीक आहोत असे वाटते आणि तो स्कूटर काढतो. एस्प्रेसो मार्टिनी जरूर करा: ५० मिली व्होडका, ३० मिली कॉफी लिक्युअर, १० मिली साखरेचा पाक, ३० मिली ताजी कडक कॉफी, १५ सेकंद जोरात शेक. पण त्या रात्री पाहुण्यांना झोपायला जागा ठेवा, नाहीतर टॅक्सी सांगा.

सातवे, ‘क्रॅनबेरी ज्यूस नसेल तर कोकम सरबत घाला, तोच कॉस्मोपॉलिटन.’ कल्पना वाईट नाही, सातांतली ही एकच आवडली. पण तयार सरबतात जिरे, मीठ आणि भरपूर साखर असते, आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, तर खारटच. दोन्हींनी ट्रिपल सेकचा, म्हणजे कॉस्मोतल्या संत्र्याच्या लिक्युअरचा, स्वाद मरतो. त्यापेक्षा कमी मिठाची सोलां घ्या, पाच-सहा सोलां एकदा धुऊन १०० मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि गाळा. ४० मिली व्होडका, १५ मिली ट्रिपल सेक, हे ३० मिली कोकमाचे पाणी, १० मिली पाक. लिंबू ५ मिलीच, मूळ कॉस्मोत १५ असते, पण कोकम स्वतः आंबट. दहा सेकंद शेक करून गार ग्लासात गाळा. रंग क्रॅनबेरीपेक्षा सुरेख येतो. याला कॉस्मो म्हणू नका, हे वेगळे पेय आहे. आणि शेकरमध्ये बर्फ घरचाच.