'स्लीप' लिहिलं म्हणून पिन झोपत नाही

परभणी-लातूरकडं ठिबकचे कंट्रोलर बनवणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: डिव्हाइस ट्रीत (बोर्डवर काय-काय जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीत) 'डिफॉल्ट' (नेहमीची) आणि 'स्लीप' (झोपेतली) या पिनच्या दोन्ही स्थिती लिहा, बोर्ड सस्पेंड झाला (वीज वाचवायला झोपला) की लिनक्स आपोआप पिन बदलतं, ड्रायव्हरला (जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या कोडला) हात लावायची गरज नाही. यातलं अर्धंच खरं आहे.

२०१३ च्या ३.९ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) प्रोब, म्हणजे ड्रायव्हरचं सुरुवातीचं फंक्शन, चालण्याआधीच ड्रायव्हर कोअर (ड्रायव्हर सांभाळणारा कर्नलचा भाग) 'डिफॉल्ट' लावतो, हे बरोबर. पुढं 'इनिट' ही सुरुवातीची स्थिती आली. ती दिली असेल तर आधी ती लागते, आणि प्रोब पार पडलं की 'डिफॉल्ट'. पण 'स्लीप' आणि 'आयडल' (रिकाम्या वेळेची) कोअर स्वतःहून लावत नाही. ड्रायव्हरच्या सस्पेंड फंक्शनमधून 'पिनकंट्रोल_पीएम_सिलेक्ट_स्लीप_स्टेट' बोलवावंच लागतं, आणि रिझ्यूममध्ये (जाग येताना) परत डिफॉल्टवालं. हा कॉल विसरलेला बोर्ड मी टेबलावर पाहिलाय: बोर्ड झोपला, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) लाल दिवा तसाच चालू.

शिवाय वीज आल्यापासून कर्नल सुरू होईपर्यंत डिव्हाइस ट्री काहीच करू शकत नाही. रास्पबेरी पाय ४ या छोट्या बोर्डवर रीसेटनंतर जीपीआयओ (बाहेरची यंत्रं जोडायच्या पिन) ० ते ८ पुल-अप (हायकडं ओढलेल्या) असतात, ९ ते २७ पुल-डाउन (लोकडं ओढलेल्या). म्हणजे हाय सिग्नलवर चालणारा रिले ४ नंबरवर जोडला, तर बूट होतानाच व्हॉल्व्ह उघडू शकतो. तो १७ वर घ्या, आणि बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावाच. आपल्याकडं मे महिन्यात शेततळ्यात टँकरचं पाणी असतं, बाबांनो.