मिरीत गांजा नसतो

'काळ्या मिरीत गांजाचंच औषध आहे, रोज सात दाणे चावा, संधिवाताच्या गोळ्या बंद करा' असा संदेश घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. यात खरं एवढंच की बीटा-कॅरिओफिलीन नावाचं टर्पीन, म्हणजे वनस्पतींमधलं एक वासाचं द्रव्य, मिरीत, लवंगेत आणि गांजातही असतं. कार्बनचे १५ आणि हायड्रोजनचे २४ अणू असलेला हा रेणू. खलबत्त्यात मिरी कुटली की जो उग्र, लाकडासारखा वास उठतो, त्यात त्याचा वाटा असतो. जिभेला झोंबतं ते मात्र पायपरीन. ते टर्पीन नव्हे.

गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, मेंदूतल्या सीबी-१ ग्राहींना (पेशींवरच्या, संदेश घेणाऱ्या रेणूंना) चिकटतं. कॅरिओफिलीन चिकटतं सीबी-२ला, आणि हे ग्राही मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतात. म्हणून मिरीने नशा चढत नाही. २००८ साली हे प्रसिद्ध झालं आणि उंदरांची सूज त्याने उतरलेलीही दिसली. पण ते शुद्ध द्रव्य होतं, मोजून दिलेलं, आणि उंदरांना! त्यावरून माणसाचा संधिवात बरा होतो असं म्हणणं साफ चूक आहे.

संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, लव्हेंडरमधलं लिनालूल या टर्पीनांबद्दलही असंच वाढवून सांगितलं जातं.

मिरी रस्समात, काढ्यात खुशाल घाला. पण आमवाताच्या, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताच्या, गोळ्या अचानक थांबवल्या तर दबलेली सूज उसळते आणि सांध्यांची झालेली झीज भरून येत नाही. कुणी थांबवल्या असतील, तर आजच डॉक्टरांना फोन करायला सांगा.