झाकली मूठ

पुण्यात थंडी पडते म्हटलं की नाशिककर हसतात. त्यांनी डिसेंबरात सकाळी सहाला दुचाकीवरून चाकणची पहिली पाळी गाठून दाखवावी. पारा 9 अंशांवर असला तरी ताशी 60 च्या वेगाने तीच हवा अंगाला 4 अंशांसारखी लागते. मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर तर धुकं थेट बाहीतून आत शिरतं. कंपनीच्या गेटवर पोचेपर्यंत बोटं माझीच आहेत की शेजाऱ्याकडून उसनी आणलीत, हे कळेनासं होई.

"हातमोजे घाल," बाबा म्हणाले. बाबा वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले. विजेच्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा पहिला सल्ला बिनविजेचा असतो.

हातमोजे होतेच. पण मला हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी हव्या होत्या. अडीच हजार रुपये, दोन्ही मिळून 36 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 3 अँपिअर. साधारण हेडलाइटच्या बल्बइतकेच. एका रविवारी पार्किंगमध्ये बसून मीच त्या बसवल्या. वायरी इतक्या नेटक्या केल्या, की दर चार बोटांवर एक केबल टाय, कुठे सुताएवढीही ढील नाही. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सव्वीस अंगठे आले.

सोमवारी पुलावर लक्षात आलं, डावा हात सुखात आहे आणि उजवा गारठलाय.

ऑफिसातला एक जाणकार म्हणाला, "एक बाजू थोडी थंड असतेच." खरं आहे ते. डावी मूठ थेट लोखंडी हँडलवर चढवलेली असते, तिची निम्मी ऊब हँडलच पितं. उजवीच्या खाली रेसची प्लास्टिकची नळी असते, त्यामुळे ती जास्त तापते. म्हणजे थंड पडायला हवी होती डावी. माझ्या गाडीने हा नियम वाचलेला नव्हता.

मग महिनाभर मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. फ्यूज तीनदा बदलला. एक बाजू चालू असताना दोघींचा सामाईक फ्यूज बदलून काय साधणार, असं बाबांनी नंतर विचारलं. उत्तर अजून द्यायचंय. अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग खरवडला. एका मित्राने बॅटरीवर संशय घेतला, म्हणून ती रात्रभर चार्जिंगला लावली.

सगळ्यात वाईट म्हणजे, दाखवायला नेलं की ती मूठ इमानाने तापायची. नाना पेठेतल्या मेकॅनिकने गाडी स्टँडवर उभी करून सुरू केली, पाच मिनिटांनी उजवी मूठ धरली आणि हात झटकला. "साहेब, पोळतंय की!" वर शंभर रुपये बघणावळ. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणाऱ्या पेशंटचं मी फक्त ऐकलं होतं. इथे पेशंट डॉक्टरसमोर तापत होता. सिग्नलला थांबलो की हाताला ऊब येई, सुटलो की गारठा. मी म्हणायचो, थांबल्यावर वारा लागत नाही ना, म्हणून. माणूस स्वतःची समजूत फार हुशारीने घालतो.

शेवटी बाबाच खाली उतरले. काखेत जुनं मीटर, पायात स्लिपर. उजव्या मुठीचा जोड सोडवून त्यांनी दोन्ही टोकांना पिना लावल्या. मीटरवर 8 ओहम. "18 वॅटला एवढाच पाहिजे. मूठ धडधाकट आहे, दोष तुझ्यात आहे," असं म्हणून ते उठणार, एवढ्यात वरच्या मजल्यावरचा पाच वर्षांचा गृहस्थ आला. उभी दुचाकी दिसली की तो विचारत नाही, चढतो. चढला, मूठ धरली, आणि "भुर्रर्र" करत पूर्ण पिळली.

मीटरवर नुसता 1. म्हणजे सर्किट तुटलेलं.

"पुन्हा कर," बाबा म्हणाले. भुर्रर्र: 1. सोडलं: 8. भुर्रर्र: 1. महिनाभरात एकाही मोठ्या माणसाने, माझ्यासकट, तपासताना रेस पिळलेली नव्हती. गाडी उभी असताना कशाला पिळेल कोण? मुठीतून निघणारी वायर मी टायने इतकी आवळली होती, की रेस दिली की ती ताणली जायची. आतली तार तुटलेली, वरचं आवरण शाबूत. रेस सोडली की तुटकी टोकं पुन्हा गळ्यात गळे घालत. थोडक्यात, ती मूठ मला कुठेही जायचं नसेल तेव्हाच ऊब देत होती.

"पॅरललमध्ये आहेत म्हणून डावी वाचली," बाबा म्हणाले. "दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या सिरीजमध्ये असत्या तर दोन्ही गेल्या असत्या, आणि तुला पहिल्याच दिवशी अक्कल आली असती." मग एकेक टाय पाहून ते कापत गेले. "वायर आहे ती, आंब्याची पेटी नाही बांधायची." तुटका भाग काढून त्यांनी नवा तुकडा जोडला, तोही मुठीपासून लांब, जिथे वायर वाकत नाही तिथे. मुठीजवळ डाख दिला असता तर वायर तिथेच कडक होऊन पुन्हा तुटली असती. पुढे बोटभर ढील सोडली, आणि रेस पिळून सोडल्यावर मूठ आपोआप मागे येते ना, वायर कुठे अडकत नाही ना, हे दहादा तपासलं. भुर्रर्रसाठी तज्ज्ञ हजर होताच. त्याची फी एक चॉकलेट आणि सोसायटीला दोन फेऱ्या.

थंडीचा जेमतेम आठवडा उरला होता. मी रजेवर होतो, म्हणून गाडी बाबांनी घेतली. दूध आणायला. डेअरी बिल्डिंगखाली आहे. पहिल्या दिवशी त्यांना पाऊण तास लागला, दुसऱ्या दिवशी सव्वा. तिसऱ्या दिवशी पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी कपाटातून मीटर काढलं.

"डावी जरा थंड वाटते," ते म्हणाले. "चल, खोलून बघू."