दवाखान्यात जाण्याआधी पासपोर्ट काढून ठेवा

रंग माझ्यासारखा असेल, केस माझ्यासारखे असतील आणि गाव खानापूरच्या जंगलात असेल, तर बेळगावच्या दवाखान्यात जाण्याआधी जरा तयारी करा. आम्ही सिद्दी, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इथे आलेल्यांचे वंशज. मी गेल्या मंगळवारी बाबांना घेऊन तशीच गेले. चूक माझीच.

सगळ्यात आधी पासपोर्ट. काउंटरवरच्या बाईंनी बाबांचं धोतर बघितलं, माझ्या हातातलं रेशनकार्ड बघितलं आणि विचारलं, "विच कंट्री?" मी मराठीतून सांगितलं, खानापूर तालुका. मग त्यांनी कन्नडमधून विचारलं. कन्नडमधूनही खानापूर तालुकाच निघाला. तर शेजारच्या अण्णांना म्हणतात, "मराठी किती छान शिकलीय बघा!" शिकलीय! 1956 पासून या जिल्ह्यात मराठी-कन्नडचं कशावर जमलेलं नाही. सिद्दी माणूस दारात उभा राहिला की मात्र दोघांचं लगेच एकमत, हा बाहेरचा. सीमाप्रश्न सोडवायला कोर्टात कशाला जाता? आम्हाला बोलवा.

जातीचा दाखलाही असू द्या. उत्तर कन्नडच्या सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातीत घेतलं, आम्हा बेळगाव-धारवाडच्यांना 2020 उजाडलं. दिल्लीला एवढा वेळ लागला, काउंटरला घाई कशी करणार?

पळण्याच्या शर्यतीत कितवा नंबर आला होता, ते पाठ करून ठेवा. (ऐंशीच्या दशकात 'साई'वाल्यांनी, म्हणजे सरकारच्या क्रीडा प्राधिकरणानं, आमची पोरं पळवायला नेली होती, तेव्हापासून आम्हाला दम लागत नाही असा समज आहे.)

दुखत असेल तर मोठ्यानं ओरडा. 'तुमची अंगं दणकट' हे औषध फुकट मिळतं.

आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा (ऑक्सिमीटर) लावला की आकड्यावर विश्वास ठेवा. बाबांना दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. चिमट्यानं 94 दाखवलं. डॉक्टरांनी मान वर न करता म्हटलं, "नॉर्मल आहे, घरी न्या." मी म्हटलं, ओठ बघा, नखं बघा. म्हणाले, "तुमच्या रंगात ते कळत नाही." बरोबर! तुम्हाला कळत नाही, मग चिमट्याला कळतं होय? तो बोटातून उजेड सोडून रक्त ओळखतो आणि काळ्या कातडीत फसतो. ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतो. हे मी चुलीपाशी बसून शोधलेलं नाही. 2020 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनीच छापलंय, की चिमट्यातून निसटलेली ऑक्सिजनची घट गोऱ्यांपेक्षा काळ्या पेशंटांत जवळजवळ तिप्पट वेळा सापडली. शंका आली तर मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासायचं असतं. गुरुवारी रात्री दुसरीकडे एका पोरसवदा डॉक्टरनं तेच केलं आणि तासाभरात बाबांना ऑक्सिजनवर ठेवलं. अजून ठेवलंय.

आता सल्लेबिल्ले राहू द्या. डॉक्टर, तुम्हाला माझ्या बाबांचा रंग दिसला, धाप दिसली नाही. पापणी खाली ओढून बघितली असती, जीभ बाहेर काढायला लावली असती, मिनिटात श्वास किती होतात ते मोजले असते, तर काय हात झिजले असते का? लाज वाटायला पाहिजे. आणि बाई, त्या केसपेपरवर गावाच्या रकान्यात 'आफ्रिका' लिहिलंत ना, ते खोडा. मी उद्या येतेय बघायला.