पाचशे वॉनच्या नोटेवर गोदी उभी राहत नाही

दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई उद्योगसमूहाचे संस्थापक चुंग जू-युंग यांच्यावरचा एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. गरीब शेतकऱ्याच्या पोराने गाय चोरून घर सोडलं, कुणाच्याही मदतीशिवाय धंदा उभारला, पाचशे वॉनची (वॉन हे कोरियाचं चलन) नोट दाखवून ब्रिटिश बँकेचं कर्ज मिळवलं आणि गोदी बांधली. आणि हे म्हणे सगळं स्वदेशी. शेवटी तात्पर्य: सरकारच्या तोंडाकडे बघू नका, हिंमत धरा.

चुंग यांच्या हिमतीबद्दल मला नितांत आदर आहे. पण या तात्पर्याने होतकरू मुलांची दिशाभूल होते.

आधी गाय. त्यांनी घेतले ते गाय विकून आलेले वडिलांचे पैसे, आणि वडिलांनी शोधून परत घरीही नेलं. पुढच्या खेपेला ते सेऊलमध्ये टिकले. तांदळाच्या दुकानात कामाला लागले आणि १९३८ साली ते दुकान मालकाने त्यांच्याच हाती सोपवलं.

'कुणाची मदत नाही' हेही खरं नाही. कोरियन युद्धात त्यांचे धाकटे भाऊ अमेरिकी सैन्याकडे दुभाषे होते. त्या ओळखीतून सैन्याची बांधकामं मिळाली. पुढे पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत बँका सरकारच्या ताब्यात आल्या आणि कर्ज कुणाला द्यायचं ते सरकार ठरवू लागलं. ऑगस्ट १९७२मध्ये एका फर्मानाने कंपन्यांनी खाजगी सावकारांकडून उचललेल्या कर्जांची वसुली तीन वर्षं थांबवली आणि व्याज महिना १.३५ टक्क्यांवर आणलं. त्यात सावकारी बाजारात पैसे ठेवणारे सामान्य लोकही भरडले गेले.

आता ती नोट. तिच्यावर सोळाव्या शतकातल्या कासव-जहाजाचं, म्हणजे जुन्या कोरियन युद्धनौकेचं चित्र होतं; कोरिया तेव्हापासून जहाजं बांधतोय, हा मुद्दा. १९७१मध्ये चुंग यांनी ती दाखवली चार्ल्स लाँगबॉटम यांना, आणि ते बँकेचे नव्हे, ए अँड पी अ‍ॅपलडोर या जहाजबांधणी सल्लागार कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांची शिफारस बार्कलेज बँकेपर्यंत पोचली. पण पैसा सुटायला ब्रिटनच्या निर्यात-हमी खात्याची मंजुरी लागत होती, आणि त्या खात्याला हवा होता जहाजाचा गिऱ्हाईक. ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांनी दोन महाकाय तेलवाहू जहाजांची मागणी नोंदवली, तेव्हा गाडं हललं. कोरियन सरकारची थकहमी होतीच.

खरी कसोटी त्यानंतर आली. १९७३च्या तेलसंकटाने तेलवाहू जहाजांचा बाजार कोसळला आणि गिऱ्हाइकांनी ठरलेली जहाजं नाकारली. ह्युंदाईने १९७६मध्ये स्वतःची जहाज कंपनी काढून ती जहाजं वापरात आणली. कोरियात येणारं कच्चं तेल कोरियन जहाजांतूनच यावं, हा आग्रह सरकारने धरला म्हणून त्या जहाजांना काम मिळालं. नोटेची गोष्ट सांगणारे हे वर्ष गाळूनच पुढे जातात.

'सगळं स्वदेशी' हा दावा एका मोटारीवर संपतो. १९७५च्या पोनीचा आराखडा इटलीच्या जुजारोंचा, इंजिन मित्सुबिशीचं, तर प्रकल्पावर देखरेख इंग्रज जॉर्ज टर्नबुल यांची. यात कमीपणा काहीच नाही. शिकत शिकत १९९१मध्ये ह्युंदाईने स्वतःचं इंजिन बनवलं, ही मला पोनीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आणि कामगार? त्या मजकुरात त्यांचा उल्लेखच नाही. ह्युंदाईचा मोठा वाटा असलेल्या, १९७०मध्ये पूर्ण झालेल्या सेऊल-बुसान महामार्गाच्या कामात ७७ जणांचे जीव गेले. १९८७च्या उन्हाळ्यात उल्सानच्या ह्युंदाई कारखान्यांतून कामगारांचा उठाव देशभर पसरला. त्यांना संघटना हवी होती, पगारवाढ हवी होती आणि आपले केस किती वाढवायचे हे ठरवण्याची मोकळीकही हवी होती.